मेंदूतला लिम्फोमा : ‘किती वर्षं?’ याच्या आधी विचारायचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती अवजारांचं दुकान आहे. दिवाळीनंतर ते उधारीचे आकडे विसरू लागले, मग डावा पाय ओढत चालू लागले. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला आणि कॉर्पस कॅलोसम या मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या भागात गाठ दिसली. डेक्सामेथासोनची इंजेक्शनं सुरू झाली आणि आठवड्याभरात वडील जवळजवळ पूर्वीसारखे झाले. त्यानंतर केलेल्या बायोप्सीत ‘निश्चित निदान नाही’ असं आलं. औषध थांबवल्यावर महिन्याभरात त्रास उलटला. दुसऱ्या बायोप्सीत ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कर्करोग, निघाला. पेट स्कॅनमध्ये शरीरात इतर कुठे काही नाही. आता ते स्वतःच्या हाताने जेवतात, थोडं चालतात, पण अंघोळीला आणि जिन्याला माणूस लागतो. हा आजार खरंच इतका दुर्मीळ आहे का? इंटरनेटवर एकीकडे चार महिने, दुसरीकडे पाच वर्षांत तीस टक्के, तिसरीकडे ‘बरा होऊ शकतो’ असं वाचलं. खरं काय धरायचं? नातेवाईक म्हणतात, या वयात केमो झेपणार नाही, शेक (रेडिएशन) देऊन टाका. आणि वडिलांना यातलं आम्ही काहीच सांगितलेलं नाही.

उत्तर :

आकड्यांकडे येऊच, पण त्याआधी या आठवड्याचं काम. ही गाठ महिन्यांनी नाही, आठवड्यांनी वाढते. निदान हातात आल्यावर उपचार सुरू व्हायला फार तर एक-दोन आठवडे जावेत, त्याहून जास्त नाही. आणि हॉस्पिटल निवडताना इमारत, नाव, ओळख हे सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारा : “तुमच्याकडे हाय-डोस मेथोट्रेक्सेट देतात का, आणि दिल्यानंतर रोज त्याची रक्तातली पातळी मोजून रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का?” उत्तर ‘हो’ असेल तिथे जा. ‘औषध देतो, पण पातळी बाहेर पाठवतो, तीन दिवसांनी कळते’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. वडिलांचं पुढचं आयुष्य इंटरनेटवरच्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा या एका सोयीवर जास्त अवलंबून आहे. हे का, ते पुढे सविस्तर येईलच.

आता दुर्मीळपणाबद्दल. हो, आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेत दरवर्षी दर दहा लाख लोकांमागे साधारण चार ते पाच जणांना तो होतो, म्हणजे सगळ्या देशात वर्षाला दीड हजारांच्या आसपास नवे रुग्ण. मेंदूतच सुरू होणाऱ्या सगळ्या गाठींमध्ये याचा वाटा शंभरात दोन ते चार इतकाच. लिम्फोमा हा एरवी मानेतल्या, काखेतल्या, पोटातल्या लसीका ग्रंथींचा आजार. तो फक्त मेंदू, डोळे आणि मज्जारज्जूपुरता राहणं ही अपवादाची गोष्ट. साठी ओलांडलेल्यांत तो जास्त दिसतो आणि पाश्चात्त्य देशांत वृद्धांमधलं त्याचं प्रमाण गेल्या काही दशकांत वाढलं आहे. एचआयव्हीबाधितांमध्ये मात्र उलट झालं : १९९६नंतर तीन औषधांचे एकत्रित उपचार आले आणि त्यांच्यातलं प्रमाण झपाट्याने उतरलं. भारतातल्या रुग्णालयांच्या अहवालांत रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण दिसतात आणि बहुतेकांची प्रतिकारशक्ती शाबूत असते. म्हणून एचआयव्हीची चाचणी करायला सांगितली तर मनाला लावून घेऊ नका. ती प्रत्येक रुग्णाची करतात, कारण उत्तरानुसार उपचार बदलतात.

दुर्मीळ आहे म्हणून डॉक्टरांना माहीत नाही, असं समजू नका. या आजाराचा अभ्यास अनेक देशांच्या केंद्रांनी मिळून केला आहे आणि पहिल्या उपचाराचं मुख्य औषध हाय-डोस मेथोट्रेक्सेट, म्हणजे मोठ्या मात्रेतली एक केमो, यावर आज जगभर एकमत आहे. दुर्मीळपणाचा खरा तोटा वेगळा : एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरांपुढे असा रुग्ण अनेक वर्षांत एखादाच येतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात निदानाची दिशा चुकू शकते. तुमच्या वडिलांच्या पहिल्या बायोप्सीचं कोडंही तिथेच सुटतं.

डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मेंदूची सूज उतरवतं, हे बरोबर. पण लिम्फोमाच्या बाबतीत ते आणखी एक काम करतं : लिम्फोमाच्या पेशी थेट मारतं. गाठ पाण्यात पडलेल्या गुळासारखी विरघळते, रुग्ण सुधारतो, एमआरआयवरचा पांढरा ठिपका लहान होतो किंवा नाहीसाच होतो. अशा वेळी सुई घातली तर तिच्यात कर्करोगाच्या पेशींऐवजी मेलेल्या पेशींचा कचरा आणि साफसफाई करणाऱ्या पेशी येतात. पॅथॉलॉजिस्ट ‘निश्चित निदान नाही’ लिहितो, आणि त्याचं बरोबर असतं. पण हा फरक टिकाऊ नसतो. काही आठवड्यांत गाठ परत येते. म्हणून एमआरआयमध्ये लिम्फोमाची शंका असेल तर मेंदूवर जीवघेणा दाब नसताना बायोप्सीआधी स्टेरॉइड टाळतात. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. मेंदूतली गाठ म्हटलं की टीबीची शंका येते, आणि ती रास्तही आहे. टीबीच्या गोळ्यांबरोबर स्टेरॉइडही देतात. लिम्फोमा असलेला रुग्ण स्टेरॉइडने सुधारतो आणि घरचे समजतात, टीबीची औषधं लागू पडली. स्टेरॉइडचा डोस उतरला की आजार उसळतो, तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात. तुमच्याकडे हे दुसऱ्या बायोप्सीमुळे टळलं, ही चांगली गोष्ट झाली. तुमच्या ओळखीत कुणाला ‘मेंदूचा टीबी’ म्हणून गोळ्या सुरू असतील आणि स्टेरॉइड कमी करताच त्रास परतत असेल, तर त्यांना बायोप्सीबद्दल विचारायला नक्की सांगा.

काही नातेवाईक विचारतील की डोकं उघडून गाठच का काढली नाही. कारण ती एकसंध गोळा नसते. स्कॅनवर दिसते त्याच्या बरीच पलीकडे पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने पसरलेल्या असतात, आणि गाठ बहुतेकदा खोल असते. सुईने तुकडा घेणं हेच शस्त्रक्रियेचं काम, पुढचं काम औषधाचं.

आता तुम्ही वाचलेले तीन आकडे. तिन्ही खरे आहेत, पण ते तीन वेगळ्या गटांचे आहेत.

‘चार महिने’ हा आकडा उपचार न घेतलेल्या, किंवा फक्त शस्त्रक्रिया आणि स्टेरॉइड मिळालेल्या रुग्णांचा. त्यांचं आयुष्य दोन ते चार महिन्यांचं असतं. तुमच्या घरात ‘केमो नको’ असा निर्णय होत असेल, तर हा आकडा प्रत्येकाला माहीत असायला हवा.

‘पाच वर्षांत तीस टक्के’ हा अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतून येतो. वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदींत तो साधारण ३० ते ३८ टक्के दिसतो. त्यात सगळे आले : ऐंशी वर्षांच्या आजी, उपचार न झेपलेले, उशिरा पोचलेले, आणि तिशीतला धडधाकट माणूससुद्धा. १९७०च्या दशकात या रुग्णांचा मध्यक एका वर्षाच्या आसपास होता, २०१०च्या दशकात तो दोन वर्षांच्या थोडा वर गेला. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले आणि निम्मे त्याहून जास्त. त्या तारखेला आयुष्य संपतं असा त्याचा अर्थ नाही. सत्तरीपुढच्यांचा मध्यक मात्र या चाळीस वर्षांत सहा-सात महिन्यांवरून जवळजवळ हललेला नाही. एकाच सरासरीत या दोन्ही गोष्टी दडलेल्या असतात, म्हणून ती आपल्या माणसाला जशीच्या तशी लावायची नाही.

‘बरा होऊ शकतो’ हे सत्तरीपर्यंतच्या, पूर्ण उपचार घेऊ शकलेल्या रुग्णांबद्दल आहे. २०१६मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात २१९ रुग्णांचे तीन गट होते. मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबीन अशी दोनच औषधं मिळालेल्यांपैकी ४२ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते. त्यात रिटुक्सिमॅब घातलं तेव्हा ५६ टक्के. थायोटेपाही घातलं तेव्हा ६९ टक्के. सात वर्षांनी पुन्हा मोजलं, तर चार औषधांच्या गटात अजून ५६ टक्के जिवंत होते. ६९ आणि ५६ या आकड्यांकडे नीट पाहा. पहिल्या दोन वर्षांत ३१ टक्के गेले, पुढच्या पाच वर्षांत फक्त १३ टक्के. म्हणजे जो रुग्ण पहिली दोन वर्षं आजार न उलटता पार करतो, त्याच्यापुढची वाट पुष्कळ मोकळी होते. उशिरा उलटणारे रुग्ण असतात, पण थोडे. याच चाचणीत सुमारे सहा टक्के रुग्ण आजाराने नाही, उपचाराच्या दुष्परिणामांनी, मुख्यतः जंतुसंसर्गाने गेले. हा आकडाही डोळ्यांआड करू नका.

मग तुमच्या वडिलांना कुठे बसवायचं? दोन पद्धती वापरतात. पहिलीत वय आणि दैनंदिन क्षमता एवढंच पाहतात. पन्नासच्या आतल्या रुग्णांचा मध्यक साडेआठ वर्षं. पन्नासच्या वरचे पण स्वतःचं सगळं स्वतः करणारे, त्यांचा ३.२ वर्षं, पन्नासच्या वरचे आणि दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून असणारे, त्यांचा १.१ वर्षं. दुसऱ्या पद्धतीत पाच गोष्टींना एकेक गुण असतो : वय साठच्या वर, दैनंदिन क्षमता घटलेली, रक्तातलं एलडीएच (पेशींमधून रक्तात येणारं एक एंझाइम) वाढलेलं, पाठीच्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) प्रथिनं वाढलेली, आणि गाठ खोल भागात. शून्य किंवा एक गुण असेल तर दोन वर्षं जगणारे ८० टक्के. दोन-तीन गुणांना ४८. चार-पाच गुणांना १५. तुमच्या पत्रावरून वडिलांचे तीन गुण आत्ताच होतात : वय, क्षमता आणि जागा. उरलेल्या दोन चाचण्यांचे रिपोर्ट आले की पूर्ण चित्र कळेल.

हे वाचून छातीत धस्स झालं असेल, पण यात दोन गोष्टी धरायला हव्यात. एक, या दोन्ही पट्ट्या जुन्या रुग्णांवरून बनल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांना रिटुक्सिमॅब किंवा थायोटेपा मिळालेलं नव्हतं. दोन, वडिलांची क्षमता म्हातारपणाने किंवा हृदयविकाराने गेलेली नाही, गाठीने घेतली आहे. गाठ वितळली तर ती परत येऊ शकते, आणि स्टेरॉइडने आठवड्यात काय फरक पडला हे तुम्ही पाहिलंच आहे. वर सांगितलेल्या चार औषधांच्या चाचणीत ६५ वर्षांपर्यंतच्या, बराच वेळ अंथरुणात असलेल्या रुग्णांनाही घेतलं होतं. तेव्हा ‘या वयात झेपणार नाही’ हे नातेवाईकांनी ठरवायचं नाही. ते मूत्रपिंडाच्या, हृदयाच्या आणि रक्ताच्या चाचण्या ठरवतील.

त्या चाचण्या अशा : क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती वेगाने साफ करतं ते), यकृताची तपासणी, इको (हृदयाची सोनोग्राफी), एलडीएच, एचआयव्ही, आणि हिपॅटायटिस बी. शेवटची चुकवू देऊ नका. शरीरात सुप्त असलेली ही कावीळ रिटुक्सिमॅबमुळे जागी होऊन यकृत निकामी होऊ शकतं. ती आधी कळली तर गोळी देऊन रोखता येते. नेत्रतज्ज्ञाकडून बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी करून घ्या, कारण दहा ते वीस टक्के रुग्णांच्या डोळ्यांत आजार असतो आणि ‘मोतीबिंदू असेल’ म्हणून सोडून दिला जातो. पाठीचं पाणी काढणं सुरक्षित आहे का, ते एमआरआय पाहून डॉक्टर ठरवतील. पुरुष रुग्णांच्या वृषणांची सोनोग्राफी करतात, कारण तिथल्या लिम्फोमाला मेंदूत जायची खोड असते. पेट स्कॅन झाला आहे, तो चांगला झाला. बायोप्सीचे फक्त कागद नाही, स्लाइड्स आणि मेणातले ब्लॉकही ताब्यात घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलला तेच लागतात, आणि ते मागवण्यात आठवडा जातो.

आता मेथोट्रेक्सेट. हेच औषध संधिवाताला आठवड्यातून एकदा ७.५ ते १५ मिलिग्रॅमच्या गोळीत देतात. इथे ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साडेतीन ग्रॅम देतात. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६५ किलो असेल तर पृष्ठभाग १.७ चौरस मीटर, म्हणजे डोस जवळजवळ सहा ग्रॅम, संधिवाताच्या मोठ्या गोळीच्या चारशे पट. कारण असं की रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा बहुतेक औषधांना आत सोडत नाही. पोटातल्या, मानेतल्या लिम्फोमावर हमखास चालणारी नेहमीची केमो म्हणूनच इथे निरुपयोगी ठरते. मेथोट्रेक्सेट एवढ्या मोठ्या मात्रेत, तीन-साडेतीन तासांत भराभर दिलं, तर मेंदूत पुरेसं पोचतं. दिवसभर थेंबथेंब सोडलं तर पोचत नाही.

एवढी मात्रा माणूस सहन करतो, कारण तिच्यामागे उतारा ठेवलेला असतो. औषध सुरू करण्याआधी काही तास सलाइन आणि सोडाबायकार्ब चालू करतात. दिवसाला चार ते पाच लिटर पाणी शरीरातून जायला हवं आणि लघवीचा पीएच सातच्या वर राहायला हवा. लघवी आम्लधर्मी झाली तर मेथोट्रेक्सेटचे खडे मूत्रपिंडाच्या नळ्यांत बसतात, मूत्रपिंड बंद पडतं, औषध बाहेर पडत नाही, आणि तेच औषध मग तोंड, आतडी आणि अस्थिमज्जा जाळतं. औषध संपल्यावर, सुरुवातीपासून २४ तासांनी, ल्यूकोव्होरिन नावाचं इंजेक्शन दर सहा तासांनी सुरू होतं. ते निरोगी पेशींना वाचवतं. त्याची वेळ कधीही चुकता कामा नये. रात्री दोनची वेळ असेल तर रात्री दोनलाच. रक्तातली पातळी २४, ४८ आणि ७२ तासांनी मोजतात. ४८ तासांनी ती लिटरमागे एक मायक्रोमोलच्या खाली आणि ७२ तासांनी ०.१च्या खाली यावी अशी अपेक्षा असते. रेंगाळली तर ल्यूकोव्होरिन वाढवतात, पाणी वाढवतात आणि पातळी उतरेपर्यंत रुग्णाला घरी सोडत नाहीत. क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी दीडपट झालं, तर तीच धोक्याची पहिली घंटा. पातळी मोजायची सोय हवी, असं सुरुवातीलाच सांगितलं ते यासाठी. तीन दिवसांनी आलेला रिपोर्ट या औषधापुढे बिनकामाचा आहे.

घरच्यांचं काम इथे फार मोठं आहे. लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा, रोज सकाळी वजन करा. वजन वाढत असेल तर पाणी अंगात साठतंय. आणि औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे उलटी करून दाखवा, कारण घराघरांत असलेली काही साधी औषधं मेथोट्रेक्सेटला शरीरात अडकवून ठेवतात. पहिलं म्हणजे अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. स्टेरॉइडबरोबर ती जवळजवळ प्रत्येकाला दिलेली असते. ती थांबवून फॅमोटिडिनसारखा पर्याय मागा. दुसरं, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा. तिसरं, अ‍ॅमॉक्सिसिलिन, पिपरासिलिन यांसारखी पेनिसिलिन गटातली प्रतिजैविकं. चौथं, कोट्रायमोक्साझोल, स्टेरॉइड घेणाऱ्यांना न्यूमोनिया टाळायला ते देतात, पण मेथोट्रेक्सेटच्या आधीपासून पातळी उतरेपर्यंत ते थांबवावं लागतं. ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, व्हिटॅमिन सीचे मोठे डोस, कोला पेयं आणि कोणतेही काढे त्या दिवसांत नकोत. छातीत किंवा पोटात पाणी झालं असेल तर ते आधी सांगा. औषध त्या पाण्यात मुरून बसतं आणि हळूहळू झिरपत राहतं.

क्रिएटिनिन क्लिअरन्स ६०च्या वर असेल तर साधारणपणे पूर्ण डोस देतात, त्याखाली असेल तर त्या प्रमाणात कमी करतात, फारच खाली असेल तर हे औषध देता येत नाही. दोन ते तीन आठवड्यांनी एक असे चार ते सहा डोस होतात, मध्ये दोन डोसांनंतर एमआरआय. बरोबर कोणती औषधं द्यायची यावर केंद्राकेंद्रांत फरक आहे. कुठे वरची चार औषधं, कुठे रिटुक्सिमॅब, मेथोट्रेक्सेट, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रोकार्बाझिन, तर अशक्त रुग्णांत मेथोट्रेक्सेट, रिटुक्सिमॅब आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. यात एक चूक आणि एक बरोबर असं नाही. आमचं मत असं की आधारावर चालणाऱ्या ६३ वर्षांच्या माणसाला पहिला डोस थोडा हलक्या जोडीने देऊन, सुधारणा पाहून मग वाढवणं हा डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग असेल, तर त्याला ‘कमी उपचार’ समजू नका.

गाठ गेल्यावर थांबायचं नाही, हे मात्र नक्की. नुसतं मेथोट्रेक्सेट घेऊन थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आजार उलटतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून त्यावर पक्कं शिक्कामोर्तब करणारा उपचार लागतो. झेपत असेल तर स्वतःच्याच मूळपेशी काढून ठेवून थायोटेपाची मोठी मात्रा देतात आणि पेशी परत सोडतात; सगळे त्याला बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) म्हणतात. सत्तरीच्या आतल्या, तोवर बरं चालणाऱ्या रुग्णाला ते शक्य असतं. मूळपेशी केमोच्या मधल्या फेऱ्यांतच गोळा कराव्या लागतात, म्हणून हा विषय शेवटी नाही, पहिल्याच भेटीत काढा.

आता शेकाबद्दल. नातेवाईक म्हणतात त्यात एक गोष्ट खरी आहे : संपूर्ण मेंदूला शेक दिला की गाठ लवकर वितळते आणि रुग्ण महिन्याभरात बरा दिसतो. पण नुसत्या शेकावर मध्यक एका वर्षाच्या आसपास अडकतो, गाठ परत येते. आणि साठीनंतर, विशेषतः मेथोट्रेक्सेटनंतर पूर्ण मात्रेचा शेक दिला, तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी स्मृती जाणं, चाल अडखळणं, लघवीवरचा ताबा सुटणं असं सुरू होतं, ते परत भरून येत नाही. आजार बरा झालेला माणूस घरात कुणाला ओळखत नाही, अशी अवस्था येऊ शकते. म्हणून मूत्रपिंड मेथोट्रेक्सेट घेऊच देत नसेल, केमो चालू असताना गाठ वाढत असेल, किंवा आजार उलटून दुसरं काही उरलं नसेल, तेव्हा शेक योग्य. काही केंद्रं गाठ पूर्ण गेल्यावर कमी मात्रेचा, २३.४ ग्रे (शेकाची मात्रा मोजायचं एकक) इतका शेक देतात. तो वेगळा विचार आहे, तुमचे नातेवाईक म्हणतात तो नाही.

घरी आल्यावर ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना रात्रभराचा उशीर जीवावर बेततो. एका पायाला सूज आली, अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. या आजारात ती बऱ्याचदा होते. डेक्सामेथासोन कधीही एकदम बंद करू नका, आणि ते चालू असेपर्यंत साखर तपासत राहा, आधी मधुमेह नसला तरी. उपचार संपल्यावर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी एमआरआय, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. आजार उलटलाच तरी दार बंद होत नाही : पहिला प्रतिसाद दीर्घ टिकला असेल तर पुन्हा मेथोट्रेक्सेट, नाहीतर इब्रुटिनिब किंवा लेनालिडोमाइडसारख्या गोळ्या देतात.

खर्चाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण तो प्रश्न असणारच. मेथोट्रेक्सेट हे स्वस्त औषध आहे. पैसे जातात ते दिवसांच्या भरतीत, तपासण्यांत आणि बीएमटीत. रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७पासून मिळते आणि मूळ कंपनीच्या औषधापेक्षा बरीच स्वस्त पडते. तीच चालते, महागाचा आग्रह धरू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या प्रतिनिधीला) गाठून नेमक्या कोणत्या फेऱ्या बसतात ते लेखी घ्या. आधी रोखीने भरती होऊन मग योजना मागितली की अडचण येते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा खारघरला नोंदणी करायची असेल तर स्लाइड्स, ब्लॉक आणि एमआरआयची सीडी घेऊन जा. फेऱ्या जवळच्या शहरात आणि सल्ला तिथला, अशीही सोय अनेकांची होते, फक्त पातळी मोजण्याची अट त्या जवळच्या हॉस्पिटललाही लागू.

राहिला वडिलांना सांगण्याचा प्रश्न. सांगा, आणि याच आठवड्यात सांगा. हा आजार विचार करणाऱ्या अवयवातच आहे. आत्ता ते जितके स्पष्ट आहेत तितके पुढच्या महिन्यात असतीलच असं नाही, आणि बरे होण्याआधी काही दिवस आणखी गोंधळलेले असू शकतात. ‘मेंदूत लिम्फोमाची गाठ आहे, तिला औषध आहे, औषध जड आहे, दर फेरीला पाच-सहा दिवस हॉस्पिटलात राहावं लागेल’ एवढं सांगितलं तरी पुरे. टक्केवारी त्यांनी विचारली तरच. सकाळी, झोप पूर्ण झालेली असताना, एका वेळी एकाच माणसाने बोला. त्यांना विचारा की श्वासाच्या नळीपर्यंत वेळ आली तर त्यांना काय हवं आहे. उत्तर तुमच्या आईसमोर घ्या. दुकानाच्या खात्यावर दुसऱ्या कुणाची सही, उधारीची वही कुठे आहे, पीककर्ज आणि विमा कुणाच्या नावावर, हेही त्यांच्याकडूनच समजून घ्या. हे बोलणं झालं की तुम्हा भावंडांपैकी एकाला वहीचं काम द्या : लघवी, वजन, ताप, पातळीचे आकडे आणि प्रत्येक गोळीची वेळ.